लाट पोचते तिथवर

दाताळं ओढणाऱ्या त्या माणसाने एकदाही वर पाहिलं नाही. बोटीचं इंजिन बंद झालं, नांगराची साखळी खडखडत पाण्यात गेली, डेकवरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरून सगळेजण उठून एकाच बाजूला आले आणि बोट त्या अंगाला जराशी कलली. किनारा हाकेच्या अंतरावर होता. पाइनच्या झाडांतून किड्यांची किरकिर एकसारखी येत होती, आणि उन्हाने तापलेल्या चिकाचा वास डिझेलच्या वासात मिसळून नाकाशी येत होता. कॅप्टन माइकवरून ग्रीक, इंग्रजी, जर्मन आणि सर्बियन अशा चार भाषांत तेच ते सांगत होता: हे स्कॉर्पिओस, हे ग्रीक जहाजमालक ओनासिसचं बेट, ते वाळूला लागून छोटं घर दिसतंय ते त्याच्या बायकोचं, जॅकीचं, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विधवेचं. मोबाइल वर झाले. पोरांनी हात हलवले, कुणी शीळ घातली, आमच्या शेजारच्या सर्बियन आजींनी तर डोक्यावरची हॅट काढून हलवली. आणि हा निळ्या टोपीतला पन्नाशीचा माणूस खाली मान घालून वाळूवरचं सुकलेलं समुद्री गवत ओढत होता. ओढायचं, ढीग करायचा, ढीग क्रेटमध्ये भरायचा, दोन पावलं सरकायचं, पुन्हा ओढायचं.

कॅप्टनने बजावून ठेवलं होतं की पोहत जा, ओल्या वाळूवर बसा, पण झाडांच्या आत पाऊल टाकायचं नाही. आम्ही गेलो. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता येत होती. खाडीच्या गढूळ पाण्यात पोहायला शिकलेल्या मला असं स्वच्छ पाणी थोडं संशयास्पदच वाटतं. वाळूवर बसलो तेव्हा तो माणूस आमच्यापासून चार हातांवर होता. दाताळ्याच्या दातांच्या रेघा वाळूवर अगदी समांतर उमटत होत्या. दोन पोरं त्यावरून धावत गेली, ठसे उमटले. तो मागे वळला, तेवढ्या पट्ट्यावरून पुन्हा दाताळं फिरवलं आणि पुढे सरकला. नवऱ्याने ‘कालिमेरा’ म्हणून पाहिलं. त्याने दांड्यावरची पकड बदलली, बस. झाडाच्या सावलीत पोलो टी-शर्टातला, कमरेला वॉकीटॉकी लावलेला दुसरा एक माणूस उभा होता, तो मात्र आमच्यावरून नजर हलवत नव्हता.

पहारेकऱ्याचं मला काही वाटलं नाही. लागलं ते दाताळंवाल्याचं.

आम्ही उतरलो होतो निद्रीला, लेफ्काडाच्या पूर्व किनाऱ्यावर. लेफ्काडा हे बेट, पण एका तरंगत्या पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं, त्यामुळे अथेन्सहून सरळ बसने जाता येतं. सर्बिया-रोमानियाची माणसं तर घरून स्वतःच्या गाडीने येतात, आणि गल्लीबोळात त्यांच्याच नंबरप्लेटा दिसतात. निद्रीचा धक्का म्हणजे एका रांगेत लागलेल्या सहलीच्या बोटी, त्यांच्यासमोर पाट्या लावून बसलेल्या तिकीटवाल्या मुली, भाजक्या मांसाचा धूर, आणि या सगळ्याकडे बघत उभा असलेला ओनासिसचा पुतळा. पोरं त्याच्या चौथऱ्यावर बसून आइस्क्रीम खातात. गावाला तो परका वाटत नाही. बेट त्याचं, पण बेटावर राबणारी माणसं निद्रीची, त्यांना पगार देणारा तो, आणि आता तो नसतानाही त्याच्या नावावर तिकिटं विकून गाव जगतंय. एका माणसाने जगापासून लांब राहण्यासाठी घेतलेली जागा बघायला रोज सकाळी दहाच्या सुमाराला भरभरून बोटी सुटतात, यातली गंमत तिकीटवालीला सांगून उपयोग नव्हता. तिला आमच्या मागच्या रांगेची काळजी होती.

या बेटाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आईकडून. जॅकी, ओनासिस आणि त्याची आधीची प्रेयसी, ऑपेरा गायिका मारिया कॅलास हा मामला तिला पाठ होता, आणि तिची सहानुभूती ठामपणे कॅलासकडे होती. बाबांना त्यात रस नव्हता. त्यांना ओनासिस माहीत होता तो टँकरचा मालक म्हणून. बाबा पंपमन होते. टँकरवरच्या या माणसाचं काम बाहेरच्याला चटकन समजावता येत नाही. बंदराला लागल्यावर हजारो टन क्रूड ज्या पंपांतून, व्हॉल्व्हांतून आणि पाइपांतून बाहेर जातं, ते सगळं चालतं ठेवणारा तो. पंप अडला तर कॅप्टनच्या आधी त्याला हाक. बाबा घरी आले की ट्रंक उघडल्यावर आधी वास यायचा, मग चॉकलेटं दिसायची. तो वास दोन-तीन धुण्यांत जायचा नाही. आई त्यांचे बॉयलरसूट वेगळ्या पिंपात भिजवायची आणि ते पाणी माडांनाही घालू द्यायची नाही.

त्यांची जहाजं ग्रीक मालकांची होती. ओनासिसची नव्हती, दुसऱ्याच कुणाकुणाची. पण घडण तीच. मालक अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात किंवा लंडनला, झेंडा लायबेरियाचा, कागदावरची कंपनी मोनरोव्हियाची, कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर ग्रीक, आणि खाली फिलिपिनो नाहीतर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं. परक्या झेंड्याची ही युक्ती ज्यांनी फार लवकर हेरली त्यांत ओनासिस होता. त्याचं जन्मगाव स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर, जळालं तेव्हा, १९२२ साली, तो पोरसवदा निर्वासित होता. तिथून ब्यूनोस आयर्सला गेला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केली, तंबाखूचा व्यापार केला आणि मंदीत कवडीमोलाने मिळालेल्या जुन्या बोटींपासून सुरुवात केली. १९५४ साली सौदी राजाशी तेलवाहतुकीचा करार करायला गेला आणि मोठ्या तेल कंपन्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. जहाजं रिकामी उभी राहिली. माणूस बुडणार असं लोक म्हणत होते. तेवढ्यात १९५६ साली सुएझ कालवा बंद पडला. तेल आफ्रिकेला वळसा घालून न्यायची वेळ आली, टँकरची भाडी गगनाला भिडली, आणि ज्याची जहाजं कुणी घेत नव्हतं त्याच्याच एकट्याकडे एवढी मोकळी जहाजं होती. बहिष्कार टाकणाऱ्यांनीच त्याला गब्बर केलं. हे मला बाबांनी सांगितलं होतं, जेवताना, भाताचं आळं करता करता. पुस्तकात नंतर वाचलं तेव्हा ते जवळपास तसंच होतं.

स्कॉर्पिओस त्याने त्यानंतर काही वर्षांनी घेतलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. एक चौरस किलोमीटरही भरणार नाही एवढं बेट, त्यावर थोडीफार ऑलिव्हची झाडं आणि बाकी खडक. आज बोटीतून जे गर्द हिरवं दिसतं त्यातलं बरंचसं लावलेलं आहे, निवडून आणून, पाणी घालून जगवलेलं. रस्ते केले, धक्का बांधला, घरं बांधली. त्याची ‘क्रिस्टिना’ नावाची यॉट त्या धक्क्याला लागायची. ती मूळची कॅनडाच्या नौदलाची युद्धनौका. तिच्यावर पोहण्याचा हौद होता, त्याचा तळ वर उचलला की नाचायची फरशी व्हायची. मला या माणसाचा राग यावा असं फार वाटतं आणि नीट येत नाही. घर जळताना पाहिलेल्या माणसाने तरंगतं घर करावं आणि मग जमिनीचा एक तुकडा असा निवडावा की चारी बाजूंनी पाणी असेल आणि मागून कुणी येणार नाही, हे मला समजतं. त्याचं ते फरशीचं नाटक मात्र नाही समजत.

कॅप्टनने मग बोट फिरवून चॅपेल दाखवलं. पांढरं, इवलंसं, सायप्रेसच्या झाडांत. २० ऑक्टोबर १९६८ ला इथे जॅकीशी लग्न झालं. तिच्या दिराचा, रॉबर्ट केनेडीचा, खून होऊन पाच महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी पाऊस होता. भाड्याच्या होड्या करून जगभरचे बातमीदार बेटाभोवती जमले होते आणि त्यांना लांब ठेवायला बोटींचा पहारा लावला होता. पहारा तेवढ्यापुरता. पुढे काही वर्षांनी छायाचित्रकारांनी पाण्याच्या बाजूने येऊन तिचे उघड्याने ऊन खात पडलेली असतानाचे फोटो काढले आणि १९७२ साली एका इटालियन मासिकाने ते छापले. चहूबाजूंनी पाणी असण्याचा हा तोटा. ज्या पाण्याने कुणाला आत येऊ द्यायचं नाही, तेच पाणी सगळ्यांसाठी मोकळं.

आणि ते खरोखरच मोकळं आहे, कायद्याने. ग्रीसमध्ये समुद्राचा काठ कुणाच्याच मालकीचा होत नाही. २००१ च्या कायद्यात त्याची हद्द मोठी छान सांगितली आहे. नेहमीच्या मोठ्यात मोठ्या लाटा चढून जिथवर जमीन भिजवतात, तिथवरचा पट्टा सगळ्यांचा. मीटर नाही, फूट नाही, लाट पोचते तिथवर. ही कल्पना त्यांच्याकडे रोमन कायद्यातून आली. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या ग्रंथांत हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट हीच किनाऱ्याची हद्द धरलेली आहे. खासगी बेटालाही त्यातून सूट नाही. म्हणून आम्ही ओल्या वाळूवर बसू शकत होतो, म्हणून पहारेकरी झाडाखाली उभा होता, त्याच्या बुटांच्या दोन वीत पुढे ती अदृश्य रेघ होती आणि आम्हा दोघांनाही ती नेमकी कुठे ते ठाऊक होतं. अर्थात कायद्यात मोकळा असलेला किनारा पायांना मोकळा मिळेलच असं नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले, कारण भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्यांनी सगळी वाळू गिळली होती आणि गावकऱ्याला स्वतःचा टॉवेल पसरायला जागा उरली नव्हती. पुढच्या वर्षी सरकारने नियम केला की निम्मा किनारा मोकळा पाहिजे, संरक्षित भागात सत्तर टक्के. आणि तक्रारीसाठी मोबाइल अ‍ॅप काढलं. टॉवेलचं आंदोलन हे आंदोलनाचं नाव म्हणून मला फार आवडलं. आपल्याकडे पंचाचं करायला हरकत नाही.

पण त्या ओल्या वाळूवर बसून मला जे जाणवत होतं ते कायद्याचं नव्हतं. तिथे ओहोटी नाही. म्हणजे आहे, पण जेमतेम वीतभर. सकाळी पाणी जिथे होतं तिथेच दुपारी, तिथेच रात्री. कोकणातल्या माणसाला हे विचित्र वाटतं. आमच्याकडे पुनवेला-अवसेला समुद्र दोन-अडीच मीटर खाली उतरतो, खाडीतला चिखल उघडा पडतो, आणि तो जो मधला पट्टा उघडतो त्याच्यावर बायकांचा संसार चालतो. तिसऱ्या, मुळे, कालवं, सगळी शिंपल्यांतली मासळी. आज त्याच्यावर चालायचं, सहा तासांनी त्याच्यावर होडी जायची. बाबा अजूनही पंचांगावरून वेळ काढतात. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ, त्यात सहा तास इकडे-तिकडे केले की ओहोटीची. सप्तमी म्हटलं की सव्वापाच, बोट वर करून सांगतात. स्कॉर्पिओसला ही विद्या कामाची नाही. पाणी एका जागी बसून राहतं, म्हणून तिथे जॅकीचं घर वाळूला लागून बांधता येतं, धक्क्याच्या पायऱ्या वर्षभर तितक्याच बुडलेल्या राहतात, आणि मालकाला आपली हद्द कुठे संपते ते रोज तेच दिसतं. जिथे समुद्र दिवसातून दोनदा अंगण ओलांडून बाहेर जातो आणि दोनदा परत येतो, तिथे असं बेट नटवणं जड गेलं असतं. चिखलाला दाताळं मारता येत नाही.

तसं ते गवत काढणंही काही शहाणपणाचं नाही. पोसिडोनिया त्याचं नाव, भूमध्य समुद्राच्या तळाशी त्याची कुरणं असतात. त्याची सुकलेली पानं वाहून येऊन काठावर थर होतो आणि हिवाळ्यातल्या लाटा त्या थरावर आपटून जिरतात, वाळू जागेवर राहते. थर काढला की किनारा फोटोत गोरा दिसतो आणि खालची वाळू हळूहळू निघून जाते. म्हणजे तो माणूस रोज किनारा सुंदर करत होता आणि रोज थोडा थोडा घालवतही होता.

निद्रीहून स्कॉर्पिओसला जाताना वाटेत मादुरी लागतं. इतकं जवळ की बोट अजून वेगही घेत नाही. या टीचभर बेटावर झाडांच्या पुढ्यात, पाण्याकडे तोंड करून एक जुनी देखणी हवेली आहे, वालाओरितिस घराण्याची. अरिस्तोतेलिस वालाओरितिस हा लेफ्काडाचा एकोणिसाव्या शतकातला कवी, राजकारणीही. बेट अजून त्याच्या घराण्याकडेच आहे आणि तिथेही उतरता येत नाही. कॅप्टनने त्याला एका वाक्यात उडवलं. चार भाषांत मिळून चार वाक्यं. जॅकीला पाऊण तास आणि कवीला पाव मिनिट, चालायचंच. पण या कवीचं शेवटचं, १८७९ साली त्याच्या मृत्यूने अर्धवट राहिलेलं काव्य कशावर आहे? चौदाव्या शतकातल्या लेफ्काडाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर. परदेशी जहागीरदार शिकारीला निघतो, त्याची कुत्री म्हाताऱ्याचं पेरलेलं शेत तुडवतात, म्हातारा दगड उचलतो, आणि तिथून बंड पेटतं. स्वतःच्या मालकीच्या बेटाचा धनी असलेल्या माणसाला तुडवल्या गेलेल्या शेताबद्दल लिहावंसं वाटलं, हे मला त्या हवेलीपेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं. निद्रीसमोर पलीकडच्या टोकावर डोर्पफेल्ड नावाच्या जर्मन पुरातत्त्वज्ञाची कबर आहे. होमरच्या महाकाव्यातलं ओडिसियसचं बेट इथाका ते हेच लेफ्काडा, असं सिद्ध करण्यात त्याची हयात गेली. ते सिद्ध झालं नाही. त्याला मात्र समुद्रकाठची जागा कायमची मिळाली, आणि तीही गावाच्या प्रेमाने.

आम्ही राहिलो होतो त्या खोल्यांच्या मालकीणबाईंना मी दाताळंवाल्याबद्दल बोलले. त्या बाल्कनीत चादरी वाळत घालत होत्या. त्यांच्या सासूबाई ओनासिसच्या वेळी बेटावर इस्त्रीच्या कामाला होत्या. सासूबाई सांगायच्या म्हणे की पाहुणे येवोत न येवोत, दर आठवड्याला सगळ्या खोल्यांच्या चादरी काढायच्या, धुवायच्या, कडक इस्त्री करून परत घालायच्या. कितीदा तर ज्या चादरीवर कुणी झोपलंच नाही तीच परत धुवायची. वाईट वाटायचं का त्यांना, असं मी विचारलं. बाईंनी चिमटा दातांत धरून माझ्याकडे पाहिलं. “वाईट कशाला? न मळलेली चादर धुवायला सोपी,” त्या म्हणाल्या. आणि आमच्या खोलीतले ओले टॉवेल उचलून घेऊन गेल्या.

ज्यांच्यासाठी त्या चादरी होत्या त्यांचं बेटावरचं राहणं शेवटी असं झालं. मुलगा अलेक्झांडर १९७३ च्या जानेवारीत अथेन्सच्या विमानतळावर विमान कोसळून गेला, चोवीस वर्षांचा. त्याला चॅपेलपाशी पुरलं. दोन वर्षांनी, १५ मार्च १९७५ ला, बाप गेला, तो मुलाच्या शेजारी. मुलगी क्रिस्टिना १९८८ साली अर्जेंटिनात गेली, सदतिसाव्या वर्षी, आणि तीही तिथेच आणली. ज्यांनी बेट हौसेने भोगायचं ते तिघे आता तिथले कायमचे रहिवासी. उरलेली नात बेटावर फारशी रमली नाही. २०१३ मध्ये बेट एका रशियन अब्जाधीशाच्या मुलीच्या ट्रस्टकडे गेलं, आणि आता तिथे अतिश्रीमंतांना उतरता येईल असं रिसॉर्ट करण्याचा बेत आहे. झाडं तीच, चॅपेल तेच, कबरी तिथेच. मालक बदलताना बहुतेक दाताळीही यादीत धरली असतील.

त्या रात्री बाबांना फोन केला.

“काय गो, आत सोडलंन की नाय?” हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, “नाही बाबा, वाळूपर्यंतच.” मग मी त्या माणसाचं सांगितलं, की शंभर माणसं हात करत होती आणि तो ढिम्म. बाबा हसले. म्हणाले, सुएझमधून जाताना दोन्ही काठांवर माणसं असायची, पोरं हात करायची, ओरडायची. डेकवर ड्यूटी असलेला माणूस कधी हात करायचा नाही. एकाला केला की बाराएक तास करतच राहावं लागतं. आणि मग म्हणाले, त्याला काय माहीत तुम्ही कोण ते, त्याच्या लेखी तुम्ही रोजचीच भरती. मला ते पटलं आणि थोडं बोचलंही. म्हणजे मी माझ्या मनात स्वतःला त्याच्या बाजूची समजत होते. पंपमनची पोर, आमचं-तुमचं एकच. त्याच्याकडून पाहिलं तर मी सनस्क्रीन फासून, तिकीट काढून, श्रीमंताचं घर बघायला आलेली आणि नुकत्याच मारलेल्या रेघांवर बूड टेकून बसलेली बाई. तो वर बघून मला काय म्हणणार होता?

बाबांचा मालक कधी त्यांना दिसला नाही. सबंध नोकरीत एकदाही नाही. एकदा पिरेअसला जहाज दुरुस्तीला लागलं असताना धक्क्यावर लांब गाडी येऊन थांबली, कुणीतरी उतरलं, जहाजाकडे पाहून परत बसलं. तो मालक असावा असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि मग त्याच्या बुटांवर चर्चा झाली. त्या पगारातून बाबांनी वाशिष्ठीच्या खाडीकाठी आठ गुंठे घेतले. तेव्हा कुणी अशी जागा घेत नसे. खारं पाणी, खारी हवा, भाताला निकामी. माड लावले, विहीर खणली, चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर बांधलं. आणि मग तेही जहाजावरच. वर्षातले नऊ-दहा महिने घर बंद. बाजूच्या वाडीतला एक गडी माडांना पाणी घालायचा, पातेरा काढायचा, पावसाआधी कौलं चाळायचा. आम्ही मे महिन्यात जायचो तेव्हा अंगण सारवलेलं असायचं. कुणी सारवलं, कधी सारवलं, हे विचारल्याचं मला आठवत नाही. गड्याची बायको सारवायची, हे पुढे बाबांकडून कळलं.

आता त्या आठ गुंठ्यांना भाव आलाय. पुण्या-मुंबईहून फोन येतात. किनारपट्टीच्या सीआरझेड नियमांमुळे बांधकामाला अडचण आहे म्हटलं तरी ते थांबत नाहीत, त्यांच्याकडे त्याचे जाणकार असतात. जुनं घर आहे ना, मग दुरुस्ती दाखवू, असं सांगतात. बाबा ऐंशीच्या घरात आहेत, भावाला विकायचं आहे, मला काय हवंय ते धड ठरत नाही. अडचण एकच आहे आणि ती बांधकामाची नाही. आमच्या जागेतून, विहिरीच्या अंगाने, माडांच्या मधून एक पायवाट खाली खाडीत उतरते. ओहोटीला त्या वाटेने वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या काढायला जातात, बाबांनी जागा घेतली त्याच्याही आधीपासून. बाबांनी तिकडे कधी गडगा घातला नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’च्या रकान्यात त्या वाटेचा उल्लेख नाही, म्हणजे कागदावर ती नाहीच. दलालाला हे कळल्यावर त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “मग काय प्रॉब्लेमच नाही मॅडम,” तो म्हणाला, “गिऱ्हाईकाला प्रायव्हसी पाहिजे. तुम्ही चारी बाजूंनी कंपाउंड घालून द्या, मी गुंठ्याला वाढवून देतो.” भावाने कोटेशनही मागवलं. मी बाबांना सांगितलं की तुम्हीच काय ते ठरवा. त्यांनी काही न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, चष्मा लावला आणि पुढचा रविवार कुठली तिथी ते पाहिलं. पंचमी. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाला पूर्ण ओहोटी. गिऱ्हाईकाला घेऊन जागा दाखवायला बरोबर साडेनऊला या, असा निरोप त्यांनी दलालाला माझ्याकडूनच द्यायला लावला. त्याने लगेच होकार दिला. सकाळच्या उन्हात जागा चांगली दिसते, असं त्याचं म्हणणं पडलं.